थरथर कोणती? पार्किन्सन्स आणि इसेन्शियल ट्रेमर

हात थरथरायला लागला की घरात पार्किन्सन्सची धास्ती बसते. लांबच्या कुठल्या तरी काकांना तो झाला होता, शेवटी त्यांचे कसे हाल झाले, याच्या गोष्टी निघतात. प्रत्यक्षात थरथरत्या हातांमागे इसेन्शियल ट्रेमर नावाचा विकार पार्किन्सन्सपेक्षा जास्त आढळतो.

पाहायचं ते हात कधी थरथरतो हे. इसेन्शियल ट्रेमरचा हात कामाला लागला की थरथरतो. कपबशी उचलली की बशी वाजते, आमटीचा चमचा तोंडाशी येईपर्यंत निम्मा सांडतो, आणि हात मांडीवर टेकला की सगळं शांत. पार्किन्सन्सचं याच्या उलट. माणूस टीव्ही बघत बसलाय, हात मांडीवर सैल पडलाय, आणि अंगठा नि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी एकमेकांवर फिरताहेत, सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा. तोच हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला की थरथर कमी होते. चालताना किंवा मनातल्या मनात वजाबाकी करायला सांगितली की वाढते.

इथे एक फसगत होते. दोन्ही हात समोर ताणून धरायला सांगितले, तर पार्किन्सन्सचा हात आधी स्थिर राहतो आणि काही सेकंदांनी पुन्हा थरथरू लागतो. घाईत तपासणाऱ्याला तो इसेन्शियल ट्रेमर वाटू शकतो.

पार्किन्सन्स सहसा एका बाजूने सुरू होतो आणि पुढेही तीच बाजू जास्त खराब राहते. इसेन्शियल ट्रेमर बहुधा दोन्ही हातांत असतो. मान ‘हो-हो’ किंवा ‘नाही-नाही’ केल्यासारखी हलते, आवाजही कापरा होतो. पार्किन्सन्समध्ये हनुवटी, ओठ, पाय थरथरतील, मान क्वचितच. इसेन्शियल ट्रेमर बऱ्याचदा घराण्यात असतो, ‘आजोबांचाही हात असाच हलायचा’ हे वाक्य डॉक्टरांच्या कामाचं असतं. एखादा पेग घेतल्यावर हा ट्रेमर काही वेळ कमी होतो. हे ऐकून काहींचे डोळे चमकतात, पण तो उपचार नव्हे.

चेकवरची सही जुळत नाही म्हणून बँक दोघांनाही परत पाठवते. सही मात्र निरनिराळी असते. इसेन्शियल ट्रेमरची अक्षरं मोठी आणि नागमोडी, पार्किन्सन्सची ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाणारी.

पण थरथरीपेक्षा मंदपणाकडे लक्ष द्यावं, असं माझं मत आहे. हालचाली मंदावल्याशिवाय पार्किन्सन्सचं निदान होतच नाही आणि काही रुग्णांना तर थरथर कधीच नसते. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, चालताना एकच हात हलत नाही, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, अंथरुणात कूस बदलणं जड जातं. खांदा आखडतो आणि फ्रोझन शोल्डर समजून महिनोन् महिने शेक-व्यायाम चालतात. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये सहा रुग्णांवरून हा आजार लिहिला, तेव्हा ज्ञानेंद्रियं शाबूत राहतात असं म्हटलं होतं. आज माहीत आहे की हिंगाच्या फोडणीचा वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नातल्या हाणामारीप्रमाणे लाथा झाडणं ही लक्षणं थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतात.

मग औषधं. हा भाग आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, ॲसिडिटीच्या गोळीत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाच्या कामात अडथळा आणतात आणि हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र उभं करतात, बहुधा दोन्ही बाजूंना. मानसोपचारातल्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनीही हे होतं, पण ती कुणी मनाने बंद करू नयेत. औषध थांबवल्यावर लक्षणं ओसरायला काही आठवडे ते महिने लागतात. कधी कधी ती पूर्ण जात नाहीत, कारण आत दडलेला पार्किन्सन्स औषधाने फक्त उघडा पाडलेला असतो. म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, ‘ती तर फक्त गॅसची आहे’ म्हणून मागे ठेवलेलीसुद्धा.

पहिल्या वर्षभरातच वारंवार, विशेषतः मागे पडणं, किंवा पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि जोडीला लघवीवरचा ताबा सुटणं, विसरभोळेपणा, असं असेल तर हे दोन्ही आजार सोडून वेगळाच शोध घ्यावा लागतो. मेंदूत पाणी साठल्याने होणारा प्रकार ऑपरेशनने सुधारू शकतो, त्यामुळे तो हुकता कामा नये.

निदान मुख्यतः तपासणीवरच होतं. पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो, तो इतर कारणं वगळण्यासाठी काढतात. डॅटस्कॅन, म्हणजे मेंदूतली डोपामिनची यंत्रणा दाखवणारा स्कॅन, पार्किन्सन्स आणि इसेन्शियल ट्रेमर वेगळे करू शकतो, पण बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. उपचारही वेगळे: इसेन्शियल ट्रेमरला प्रोप्रानोलॉल, जे दमेकऱ्यांना चालत नाही, आणि पार्किन्सन्सला लेव्होडोपा, ज्याचा इसेन्शियल ट्रेमरवर उपयोग नाही. खाजकुयलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा असतं हे खरं आहे, म्हणूनच तिचं चूर्ण चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, नाहीतर गोळ्यांचा डोस ठरवताना हिशेब चुकतो.