पुस्तक वाचलंय, सिनेमा राहिलाय

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ची माझी प्रत दोनदा बाइंडिंग करून घेतलेली आहे. तिसऱ्यांदा करावी लागणार, कारण मधली दहाबारा पानं पुन्हा सुटलीत. ‘शाळा’वरचा सिनेमा मात्र मी अजून पाहिलेला नाही. २०१२ च्या जानेवारीत तो थेटरात आला, गाजला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे मी डीव्हीडीही घेतली. ती कपाटात आहे, वरचा पातळ प्लास्टिकचा कागद न काढलेली. कारण एकच: शिरोडकर, मुकुंदाला आवडणारी वर्गातली मुलगी. नववीतल्या मुकुंदाला ती जेवढी दिसते तेवढीच आपल्याला दिसते, बाकीची आपण आपली भरून घेतो. सिनेमात केतकी माटेगावकर तिचं काम चांगलंच करत असणार, वाद नाही. पण एकदा तो चेहरा बसला की माझी शिरोडकर गेली.

वाचणाऱ्या कुणालाही विचारा, असा एखादा मुद्दाम टाळलेला सिनेमा निघतोच. कुणाचा ‘बनगरवाडी’, कुणाचा ‘नटरंग’. ही खोड जुनी असेल असं मला वाटायचं. मागे जाऊन पाहिलं तर तसं दिसत नाही. मराठीत पुस्तकावरून सिनेमा करण्याला शंभर वर्षं झाली, पण मनात असलं तर पाहता येत असूनही न पाहणं हे अलीकडचं आहे. त्याआधी सिनेमा राहायचा तो चुकल्यामुळे.

सुरुवात कोल्हापुरात. बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला, तो ना. ह. आपटे यांच्या कथेवरून. कर्जात बुडून गाव सोडावं लागलेल्या शेतकऱ्याचं काम केलं होतं तरुण व्ही. शांताराम यांनी. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या गोष्टींची चलती असताना एका चालू काळातल्या लेखकाची गोष्ट पडद्यावर घ्यायची, हे धाडसच. पेंटरांनी १९३६ मध्ये तोच विषय बोलपटात पुन्हा केला. मूळ मूकपट आज पाहायलाच मिळत नाही. म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच ‘राहिलेल्या’ यादीत तो पहिल्या नंबरावर, आणि कायमचा.

आपटे हे या इतिहासातलं महत्त्वाचं नाव, आणि आज सर्वात कमी घेतलं जाणारं. प्रभातचा ‘अमृतमंथन’ (१९३४) त्यांच्या ‘भाग्यश्री’वरून. ‘कुंकू’ (१९३७) त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून, आणि पटकथाही त्यांचीच. मामानं फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या माणसाला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांची नीरा, केशवराव दाते यांचे काकासाहेब. दिग्दर्शन शांतारामबापूंचं; त्यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ काढूनच टाकलं आणि घरातल्या, रस्त्यावरच्या आवाजांवर काम भागवलं. भिंतीवरचं घड्याळ टोल देतं तेव्हा त्या म्हाताऱ्याचं वय वाजतं. हे कादंबरीतून उचलता येत नाही, हे सिनेमाचं स्वतःचं. पण परिणाम काय झाला? ‘कुंकू’ राहिला, ‘न पटणारी गोष्ट’ विस्मरणात गेली. पुस्तक जपायला म्हणून सिनेमा टाळणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा: इथे पुस्तकाचं नाव आज निघतं तेच सिनेमामुळे.

‘श्यामची आई’चं तसं झालं नाही. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ मध्ये ते छापलं गेलं. आचार्य अत्रे यांनी सिनेमा केला १९५३ मध्ये, म्हणजे गुरुजी गेल्यावर तीन वर्षांनी. तोवर पुस्तक घरोघरी पोचलेलं. वनमाला यांची आई, माधव वझे यांचा श्याम, वसंत देसाई यांचं संगीत, आणि देशात पहिल्यांदाच दिलेलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. माझ्या आजीनं तो तंबूत पाहिला, गावच्या जत्रेला आलेल्या टूरिंग टॉकीजमध्ये, बायकांच्या बाजूला बसून. पुस्तक तिनं त्याआधी वाचलेलं होतं. ‘तुझ्या मनातली आई आणि ती वनमाला वेगळी नाही वाटली?’ असं मी एकदा विचारलं, तर तिला प्रश्नच कळेना. ‘अरे, तंबू चार दिवसांत उठला. पुस्तक घरात होतं.’

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. सिनेमा येऊन जायचा. एकदा पाहिला तर पाहिला, पुन्हा कधी दिसेल सांगता येत नसे. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९६३ मध्ये पडद्यावर आली, त्यांच्या आणखीही कादंबऱ्या आल्या. गावोगाव लोकांनी त्या पाहिल्या त्या अशाच, एका रात्रीपुरत्या. पडद्यावरचा चेहरा पुसट होत जायचा आणि पुस्तकातला पुन्हा वर यायचा. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा लागू लागला. थेटरात हुकलेले सिनेमे मग शेजाऱ्यांच्या घरात सतरंजीवर बसून पाहिले गेले. तिथे निवड कसली, जो लागेल तो पाहायचा.

जब्बार पटेल यांचे तीन सिनेमे याच काळातले, आणि तिन्हींचं पुस्तकाशी नातं निराळं. ‘जैत रे जैत’ (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून. गाणी इतकी पुढे निघून गेली की महानोरांचे शब्द येणाऱ्या शंभरांतल्या पाचांनी तरी कादंबरी उघडली असेल का, शंकाच आहे. ‘सिंहासन’ (१९७९) करताना विजय तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र विणल्या. मी दोन्ही आधी वाचल्या होत्या आणि तरी सिनेमा आवडला. निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस समोर आला की माझा दिगू मुकाट बाजूला होतो. ‘उंबरठा’ (१९८२) शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून. ‘बेघर’ वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

‘मी’नं सांगितलेल्या कादंबऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. ‘बनगरवाडी’ (१९५५) मध्ये सगळं गाव आपल्याला त्या पोरसवदा मास्तराच्या नजरेतून दिसतं, आणि व्यंकटेश माडगूळकरांची वाक्यं अशी की त्यांतला एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये तिचा सिनेमा केला. कॅमेऱ्याला मास्तरही दाखवावाच लागतो, आणि आतापर्यंत ज्याच्या डोळ्यांनी पाहत होतो तोच समोर उभा राहतो. ‘शाळा’चंही तेच दुखणं. ‘सिंहासन’ मी सहज पाहू शकलो आणि ‘शाळा’ नाही, याचं कारण मला इथे सापडलं.

मग सीडी आल्या, पाठोपाठ इंटरनेट, आणि त्याच सुमाराला मराठी सिनेमा पुन्हा कादंबऱ्यांकडे वळला. २०१० मध्ये आनंद यादवांचा ‘नटरंग’, मग ‘शाळा’, २०१३ मध्ये सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आणि अशोक व्हटकरांचं ‘७२ मैल’. आता सिनेमा उठून जात नाही. पोस्टर, ट्रेलर, गाणी, पुढे फोनवरची तुकड्यातुकड्यांची दृश्यं. न पाहताही निम्मा सिनेमा डोळ्यांत शिरतो. टाळायचा म्हटलं तर मेहनत करावी लागते. पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांवर सिनेमातले चेहरे छापायची पद्धत पडली, त्यानं तर उरलासुरला आडोसाही गेला. (माझी प्रत जुनी, म्हणून तर बाइंडिंगचा खटाटोप.)

‘फास्टर फेणे’ (२०१७) करणाऱ्यांनी यातून बरी वाट काढली. भा. रा. भागवतांची एकही गोष्ट जशीच्या तशी न घेता त्यांनी बन्या फेणेला मोठा करून आजच्या पुण्यात सोडला. आमचा सायकलवरचा किडकिडीत फाफे पुस्तकात शाबूत राहिला. तो सिनेमा मी बिनघोर पाहिला.

‘शाळा’ केलेल्या सुजय डहाके यांनीच २०२३ मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा केला, कृष्णधवल. तोही राहिलाय. इथे मात्र अडचण उलटी आहे: माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातली आई नाहीच, वनमालाबाई आहेत, आणि मी त्यांना सोडायला तयार नाही.

परवा भाचीनं कपाट आवरताना ती डीव्हीडी काढली. ‘मामा, लावूया का?’ म्हणाली. मी हो म्हणालो, खरंच म्हणालो. मग दोघांनी घरभर शोधलं. प्लेअर चार वर्षांपूर्वी भंगारात गेला होता, आणि तिच्या लॅपटॉपला तबकडी घालायची फटच नव्हती.