फ्लायव्हील हलकं केलं की ताकद वाढते?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवर अजून ऐकू येतं, 'फ्लायव्हील हलकं करा, डिझेल इंजिनाची ताकद वाढते.' नाही वाढत. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागं त्याच्याबरोबर फिरणारं जड चाक. ताकद येते सिलिंडरात जळणाऱ्या डिझेलमधून. चाक हलकं झालं की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पटकन चढतात आणि तितकेच पटकन पडतात. चोर्ल्याच्या घाटात लोड घेऊन क्लच सोडताना गाडी आचके देत बंद पडते ती म्हणूनच. चार सिलिंडरांत अर्ध्या फेरीला एकच धक्का. दोन धक्क्यांमधला खड्डा या चाकाचं वजनच भरून काढतं.

वजन काढायचंच तर कडेचं काढा, दुप्पट त्रिज्येवर परिणाम चौपट. पण जुनं बिडाचं चाक खरवडून पातळ करू नका, कळकळीनं सांगतो. बीड ताणाला कच्चं. फुटलं तर तुकडे बेलहाऊसिंग (चाक-क्लचवरचं कवच) फाडून ड्रायव्हरच्या पायात येतात. घडीव स्टीलमधून नवं बनवा, बॅलन्स करूनच बसवा.