जुनी इस्टेट गाडी घेताय? मागून बघायला सुरुवात करा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी बघायला गेलं की जो तो आधी बॉनेट उघडायला लावतो. इस्टेट, म्हणजे छप्पर मागपर्यंत गेलेली लांब डिकीची गाडी, बघताना आधी डिकी उघडा. इंजिनाचं काम नाशकात कोणीही चांगला मिस्त्री करून देईल. डिकीची फुटलेली काच कुठून आणणार?

टाटाची इस्टेट मरीना म्हणजे पुढून इंडिगो आणि मारुतीची इस्टेट अल्टुरा म्हणजे पुढून जुनी बलेनो. त्यामुळे पुढचे बहुतेक पार्ट सेडानचेच चालतात. डिकीचा दरवाजा, त्याची काच, मागचे दिवे, बाजूच्या शेवटच्या काचा मात्र फक्त इस्टेटच्या, आणि या गाड्या आपल्याकडे मुळात कमीच खपल्या. मागचा दिवा फुटका असेल तर विकणारा म्हणतो, “भंगारात मिळून जाईल हो.” त्याला म्हणावं, मग तूच आणून लाव, नंतर व्यवहाराचं बोलू. (अल्टुराचे पार्ट घ्यायला गेलात तर दुकानात नुसतं ‘बलेनो’ म्हणू नका. २०१५ साली त्याच नावाची वेगळी हॅचबॅक आली, पोरगा तिचाच पार्ट काढून देतो.)

डिकी पूर्ण उघडून हात सोडा. दरवाजा खाली यायला लागला तर गॅसचे शॉकअप संपलेत. लांबी आणि जोर जुळवून दुसरे बसतात, त्याची काळजी नको. दरवाजा आणि छप्पर यांच्यामध्ये एक रबरी नळी असते, ती नीट बघा. मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा, काच तापवणाऱ्या तारा या सगळ्यांच्या वायरी तिच्यातून जातात आणि वर्षानुवर्षांच्या उघडझापीने तिथेच तुटतात. रबर सरकवल्यावर आत काळ्या टेपची वेटोळी दिसली, तर आधी कोणीतरी तिथे झटून गेलंय. सगळं एकेक करून चालू करून बघा.

आता मॅट उचला. निफाड-दिंडोरीकडची गाडी असेल तर हे विसरूच नका. द्राक्षबागेवाल्यांना लांब डिकी फार सोयीची: क्रेट, खताच्या गोण्या, फवारणीचं औषध, सगळं मावतं. त्यातच बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी लागणारं मोरचूद. सांडलेल्या मोरचुदाला ओल लागली की ते लोखंड खातं. एका गाडीची मॅट आम्ही उचलली तेव्हा वरून सगळा रंग चकाचक होता, फक्त कोपऱ्यात हाताएवढा निळसर डाग. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो पत्र्यातून खाली निघाला. रंग महिन्यापूर्वीचाच होता. म्हणून मागची फरशी, स्टेपनीचा खड्डा आणि चाकांच्या कमानी आतून ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर पत्रा, बद्द वाजलं तर पुट्टी.

पुराचं पाणीही खालीच राहतं. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये नाशकात गोदावरीतला दुतोंड्या मारुती पाण्यात गेला, तेव्हा काठावरच्या गाड्याही बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुतलेल्या गाडीतही त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते.

मग सपाट जागी गाडीपासून दहा-पंधरा पावलं मागे जा. ढुंगण टेकल्यासारखी दिसली तर स्प्रिंग बसलेत. दोघांनी डिकीच्या कडेवर बसून एकदम उठा. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, झुलायला नको. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी भरपूर शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर भरल्या गाडीला नको.

इंजिनाचं थोडक्यात. गाडी थंड असतानाच स्टार्ट करा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरून किंमत पाडा, कारण डिझेलमध्ये तो तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड खोलावं लागतं. पेट्रोल गाडीत इंधनाचे रबरी पाइप बघा, आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं. चालवून बघताना चार माणसं बसवा, एसी लावा आणि कसारा घाट चढून या. तेवढा वेळ नसेल तर संध्याकाळी द्वारका चौकात अडकून बघा, टेम्परेचरचा काटा खरं सांगेल.

कागद. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासोबत पर्यावरण कर. यातल्या बहुतेक गाड्या त्या वयाच्या पुढे गेल्यात, तेव्हा ‘पासिंग करून देतो’ या शब्दावर पैसे देऊ नका, झालेलं दाखव म्हणा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हवी. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. चॅसी नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडा. गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमाही बदलून घ्या.

आमच्याकडे तपासणीला आणायची असेल तर सकाळी, रात्रभर उभी असलेली आणा. डिकी रिकामी हवी. आणि विकणाऱ्यालाही सोबत घ्या, मॅट आम्ही त्याच्यासमोरच उचलतो.