इंग्रजी वाक्यरचनेतील रूपांतरण नियम

एका वाक्यरचनेपासून दुसरी रचना कशी सिद्ध होते हे सांगणारे व्याकरणनियम. ही संकल्पना अमेरिकी भाषावैज्ञानिक झेलिग हॅरिस यांनी १९५० च्या दशकात मांडली. त्यांचे विद्यार्थी नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये तिला वेगळे आणि अधिक काटेकोर रूप दिले. शाळेतल्या ‘ट्रान्सफॉर्मेशन ऑफ सेंटेन्सेस’मध्ये एका तयार वाक्याचे दुसरे तयार वाक्य करायचे असते. चॉम्स्कींचे नियम वाक्याच्या मुळाशी असलेल्या रचनेवर चालतात. हा फरक सुटला की पुढचे सारेच निसटते.

आधी पदबंधाचे (एकत्र चालणाऱ्या शब्दगटाचे) नियम मूळ रचना उभी करतात: वाक्य म्हणजे नामपदबंध आणि क्रियापदबंध. सांगलीच्या हळद बाजारातले एक वाक्य घेऊ: ‘द ट्रेडर सोल्ड द टर्मरिक’. ‘सोल्ड’ हा एकच शब्द दिसत असला तरी विश्लेषणात भूतकाळ आणि ‘सेल’ हे दोन स्वतंत्र घटक आहेत. साध्या विधानात काळ क्रियापदाला चिकटतो. प्रश्नात तो कर्त्याच्या आधी जातो. तिथे चिकटायला क्रियापद नसते, म्हणून ‘डू’ येते आणि काळाचा भार उचलते: ‘डिड द ट्रेडर सेल द टर्मरिक?’ सांगली-मिरजेच्या वर्गांत ‘डिड द ट्रेडर सोल्ड’ ही चूक सर्रास ऐकू येते. काळाचा घटक एकच आहे, तो पुढे गेला की क्रियापद मूळ रूपातच उरणार. हे कारण ‘डिडनंतर पहिले रूप’ या पाठांतरातून कधीच कळत नाही. नकारातही ‘नॉट’ काळ आणि क्रियापद यांच्यामध्ये येते, म्हणून ‘डिड नॉट सेल’.

मराठीत ‘व्यापाऱ्याने हळद विकली का?’ म्हणताना शब्द जागचे हलत नाहीत. त्यामुळे ही हालचाल मराठी विद्यार्थ्याला मुद्दाम दाखवावी लागते.

हे नियम शब्द मोजत नाहीत, रचना पाहतात. ‘द ट्रेडर हू इज वेटिंग इज फ्रॉम मिरज’ याचा प्रश्न करताना पहिले ‘इज’ उचलले तर ‘इज द ट्रेडर हू वेटिंग इज फ्रॉम मिरज’ असे अशक्य वाक्य होते. पुढे जाते ते मुख्य वाक्याचे ‘इज’, क्रमाने दुसरे असले तरी: ‘इज द ट्रेडर हू इज वेटिंग फ्रॉम मिरज?’ चॉम्स्कींच्या सिद्धान्तातला सर्वांत भक्कम पुरावा माझ्या मते हाच आहे.

१९६५ मध्ये चॉम्स्कींनी अंतर्गत रचना आणि बाह्य रचना असे दोन स्तर मानले. अर्थ आतल्या स्तरावर ठरतो, उच्चार बाहेरच्या, अशी त्यांची तेव्हाची मांडणी होती. पॅसिव्हसाठी पूर्वी स्वतंत्र नियम होता. १९८० च्या दशकापर्यंत असे बहुतेक नियम ‘घटक हलवा’ या एकाच सर्वसाधारण नियमात विलीन झाले आणि हालचालीला मर्यादा कोणत्या, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. त्याचा पाया अमेरिकी भाषावैज्ञानिक जॉन रॉस यांच्या १९६७ च्या प्रबंधात आहे. ‘अँड’ने जोडलेल्या दोन पदांतले एकच बाहेर काढता येत नाही, म्हणून ‘व्हॉट डिड द ट्रेडर सेल टर्मरिक अँड?’ हे इंग्रजीत चालत नाही. मराठीत मात्र ‘व्यापाऱ्याने हळद आणि काय विकलं?’ असे सहज विचारता येते, कारण ‘काय’ आपल्या जागीच राहते.