धूर नुसता चंद्रपूरला जातो का?

“वीज कोळशाचीच, मग इलेक्ट्रिक गाडीने धूर फक्त चिपळूणहून चंद्रपूरला जातो,” हे नाक्यावर नेहमी ऐकू येतं. हे अर्धंच खरं. आपल्याकडे युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. छोटी गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते, म्हणजे साडेदहा किलो. तशीच पेट्रोलची गाडी ६ लिटर पिते, लिटरला २.३ किलो, म्हणजे जवळपास १४. कुंभार्ली घाट उतरताना तर मोटरच वेग आवरते, त्यातून वीज बनून बॅटरीत परत जाते आणि पडद्यावरचा चार्जचा आकडा चक्क चढतो! बॅटरी बनवताना जादा प्रदूषण होतं, नाकारत नाही. रोज चिपळूण-खेड करणाऱ्याचं ते काही वर्षांत फिटतं. किंमत मात्र अजून जास्तच. महिन्यातून दोनदाच गाडी काढत असाल, तर घाई नको.