पत्त्यांच्या कॅटमधील संभाव्यता

नीट पिसलेल्या 52 पत्त्यांच्या कॅटमधून न पाहता पाने काढली, तर अमुक पान किंवा अमुक जोडी येण्याची शक्यता मोजण्याचे गणित. इस्पिक व किलवर काळे, बदाम व चौकट लाल. प्रत्येकाची 13 पाने. राजा, राणी, गुलाम मिळून 12 चित्रे. जोकर धरत नाहीत.

एकच पान काढायचे असेल तर हिशेब सोपा असतो. एक्का येण्याची संभाव्यता 4/52, म्हणजे 1/13. ‘बदाम किंवा राजा’ विचारले की मात्र 13 आणि 4 मिळून 17 धरण्याची चूक हमखास होते. बदामचा राजा दोनदा मोजला जातो. तो एकदा वजा केला की 16/52, म्हणजे 4/13.

लागोपाठ दोन एक्के येण्याची संभाव्यता पहिले पान परत ठेवले तर 1/13 × 1/13, म्हणजे 1/169. परत न ठेवल्यास 4/52 × 3/51, म्हणजे 1/221.

पहिले पान कोणी न पाहता उपडे ठेवले, तर दुसरे पान एक्का असण्याची शक्यता किती? एक पान कमी झाले म्हणजे उत्तर बदलणारच, असे वाटते. पण पहिला एक्का असेल तर 4/52 × 3/51 आणि नसेल तर 48/52 × 4/51. बेरीज 204/2652, म्हणजे पुन्हा 1/13. तेच उपडे पान उलटून पाहिले आणि एक्का निघाला, तर उत्तर लगेच 3/51 होते. दुसरे काही निघाले तर 4/51. कॅट तोच आहे, बदलली ती आपली माहिती. सशर्त संभाव्यता, म्हणजे हाती आलेल्या माहितीनुसार बदलणारी शक्यता, समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. शेवटी पाने मिळणाऱ्याच्या वाट्याला हलकी पाने येतात, हा समजही यामुळेच निराधार ठरतो.

अनेक पाने एकदम वाटली जातात तेव्हा क्रम सोडून निवडी मोजतात. 52 पानांतून 13 पानांचा हात 6,35,01,35,59,600 प्रकारे येऊ शकतो. चौघांच्या मेंढीकोटात चारही दहिल्या (दहाची पाने) एका ठरावीक खेळाडूला येण्याची संभाव्यता 11/4165, म्हणजे साधारण 379 डावांत एकदा. त्या दोघा भिडूंत मिळून येण्याची 46/833, म्हणजे ठरावीक जोडीला सुमारे 18 डावांत एकदा. एकही दहिली न येण्याची शक्यता मात्र प्रत्येक खेळाडूला 30 टक्के असते. अर्थात दहिली हातात असणे वेगळे आणि ती डावात राखणे वेगळे. दुसरी गोष्ट या हिशेबात येत नाही.

ही सारी उत्तरे पाने पूर्ण मिसळली आहेत असे धरून काढलेली असतात. कॅटचे दोन भाग करून पाने एकमेकांत फडफडत सोडण्याच्या रीतीने सुमारे सात वेळा पिसावे लागते, असे गणितज्ञ डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी 1992 मध्ये दाखवले. हातात धरून वरखाली करण्याच्या नेहमीच्या रीतीला त्याहून कितीतरी जास्त फेऱ्या लागतात. मेंढीकोटचा डाव संपतो तेव्हा एकाच प्रकारची (इस्पिक, बदाम वगैरे) पाने चार-चारच्या गटांत एकत्र आलेली असतात. ती वरवर दोनदा पिसून वाटली, तर 1/221 किंवा 46/833 या आकड्यांवर भिस्त ठेवता येत नाही.