रानपाल्याचा पेस्तो

परसातला सुवासिक पाला किंवा खाण्याजोगे तण, लसूण, खडे मीठ, तेलकट बिया, मुरलेले चीज आणि ऑलिव्ह तेल हे सगळे कुटून केलेले कच्चे वाटण. पेस्तो मूळचा इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरच्या लिगुरियाचा, त्यातही जेनोआ शहराचा. तिथे पाला म्हणजे बेसिल, तोही कोवळा. शहराच्या पश्चिमेकडच्या प्रा भागातला विशेष नावाजलेला. (फालुद्यातला सब्जा हे याच जातीच्या झाडाचे बी, वाण मात्र निराळा.) जेनोआच्या बेसिलला २००५ मध्ये युरोपीय संघाचे उगमस्थान-संरक्षण मिळाले, म्हणजे ते नाव फक्त तिथल्याच बेसिलला लावता येते. पेस्तो या नावाला तसे कुंपण नाही, म्हणून गाजराचा पाला कुटला तरी त्याला पेस्तो म्हणता येते.

जेनोआतले कट्टर खवय्ये यावर नाक मुरडतात, पण जुनी पुस्तके त्यांना फारशी साथ देत नाहीत. जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या १८६३ च्या सुमाराच्या जेनोआच्या पाककृतींच्या पुस्तकात बेसिल नसल्यास मरवा आणि पार्सली घ्यायला सांगितले आहे. चीजही पार्मेझानच्या जोडीला चक्क डच. त्याच्या कितीतरी आधी, रोमन कवी व्हर्जिलच्या नावावर चालत आलेल्या ‘मोरेतुम’ या लहानशा लॅटिन कवितेत एक गरीब शेतकरी पहाटे परसात जातो, लसूण, कोथिंबीर आणि आणखी काही पाला उपटून आणतो आणि चीज, मीठ, तेल, व्हिनेगर घालून खलात कुटतो. तिथे बेसिल नाही. हाताशी असेल तो पाला कुटायचा, ही रीत बेसिलच्या पेस्तोपेक्षा जुनी आहे.

गंमत अशी, की रानपाला वेचण्याची परंपरा लिगुरियात आहे, पण पेस्तोसाठी नाही. तिथल्या डोंगरउतारांवर वेचलेल्या मिश्र पाल्याला प्रेबुज्जून म्हणतात. तो उकडून ‘पान्सोती’ या भरलेल्या पास्त्यात घालतात आणि वरून अक्रोडाचे वाटण देतात. कच्च्या रानपाल्याचा पेस्तो आल्प्सच्या उत्तरेला जास्त रुजला. जर्मनी आणि ऑस्ट्रियात वसंत ऋतूत बेरलाउख, म्हणजे जंगलात गालिच्यासारखी पसरणारी रानलसूण, बाजारात येते आणि घरोघरी तिचा पेस्तो होतो. तिची पाने फुले येण्याआधी खुडतात. वेगळी लसूण घालावी लागत नाही.

जेनोआची रीत संगमरवरी खल आणि लाकडी बत्त्याची. आधी लसूण ठेचायची, मग मीठ आणि पाने घालून बत्ता कडेकडेने फिरवायचा, नंतर बिया, चीज, आणि तेल शेवटी. साठ-सत्तर ग्रॅम पानांना सुमारे तीस ग्रॅम पाइनच्या बिया, लसणाच्या एक-दोन पाकळ्या आणि साठ-ऐंशी मिलिलिटर तेल हे प्रमाण चालते. पार्मेझान जास्त, सार्डिनियाचे मेंढीच्या दुधाचे चीज कमी. पाइनच्या बिया सगळीकडेच महाग. आपल्याकडचा चिलगोजाही स्वस्त नाही. बाटलीबंद पेस्तोत सर्रास काजू असतात आणि घरीही ते चालतात. मिक्सर वापरायचा तर थांबत थांबत, कारण पाते तापले की पाने काळवंडतात, आणि जोरात फिरवलेले ऑलिव्ह तेल कडवट लागते.

पाला बदलला की कृतीही बदलावी लागते. ‘बेसिलऐवजी काहीही’ म्हणणाऱ्या कृती इथेच फसतात. नेटल (हिमालयातल्या बिच्छूघासाची जातभाई) हातमोजे घालून खुडतात, फक्त वरचे कोवळे शेंडे. मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून घट्ट पिळले की काटेरी केसांचा दंश संपतो. चिकवीड हे नाजूक तण एकटे सपक लागते, म्हणून त्याच्या जोडीला पार्सली किंवा पुदिना हवा. उत्तर अमेरिकेत गार्लिक मस्टर्ड ही युरोपातून आलेली आक्रमक वनस्पती मुळासकट उपटतात आणि तिच्या पानांचा पेस्तो करतात. चव लसणासारखी, पण मोठी पाने कडू.

महाराष्ट्रात पावसाळ्यात आपसूक उगवणारी घोळ जगभर तण म्हणून ओळखली जाते. आपण ती डाळ घालून शिजवतो. पेस्तोसाठी कच्चीच घेतात. पाने आंबूस, रसरशीत आणि किंचित बुळबुळीत, त्यामुळे तेल कमी आणि बिया जास्त लागतात. चाकवतही चालते, पण थोडे उकडून. दोन्हींत ऑक्झलेट भरपूर असल्याने मूतखडा होणाऱ्यांनी बेताने खावे.

ओळख पक्की नसेल तर पान तोडूच नये. घोळीसारखेच जमिनीलगत पसरणारे दुधी (युफोर्बिया, भोपळा नव्हे) वर्गातले तण विषारी असते. त्याचा देठ मोडला की पांढरा चीक येतो, घोळीला चीक नसतो. रानलसणीचा घोटाळा अधिक घातक. तिच्याच जागी, त्याच दिवसांत लिली ऑफ द व्हॅली आणि कोल्चिकम उगवतात आणि त्यांच्या विषबाधेने युरोपात माणसे दगावली आहेत. रानलसणीचे प्रत्येक पान जमिनीतून स्वतःच्या वेगळ्या देठावर येते आणि त्याची मागची बाजू निस्तेज असते. लिलीची पाने बहुधा जोडीने, एकाच दांड्यावर, मागून चकचकीत. कोल्चिकमच्या पानाला देठच नसतो. केवळ वासावर विसंबणे धोक्याचे, कारण दोन-चार पाने खुडली की बोटांनाच लसणाचा वास लागतो आणि पुढचे प्रत्येक पान लसणाचे वाटते.

रस्त्याकडेचा, फवारणी झालेला किंवा कुत्री फिरतात तिथला पाला घेऊ नये. हिरवा रंग टिकवायला पाने दहा-पंधरा सेकंद उकळत्या पाण्यातून काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतात. काळे पाडणारे विकर (एन्झाइम) त्याने निकामी होते, थोडा सुगंधही जातो.

तेलात बुडालेली लसूण बाहेर ठेवणे मात्र खरोखर धोक्याचे. हवा नाही, आंबटपणा नाही, अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू वाढतात; १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातली लसूण फ्रीजबाहेर ठेवल्याने मोठी विषबाधा झाली होती. घरचा पेस्तो फ्रीजमध्ये, वर तेलाचा थर देऊन, तीन-चार दिवसांत संपवावा. तेलाचा थर रंग वाचवतो, जिवाणूंना अडवत नाही. जास्त झाला तर चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा आणि चीज वाढताना मिसळावे. पास्त्यावर घालताना आच नको. पास्ता उकळलेले दोन चमचे पाणी घालून पेस्तो सैल करतात.